पाळी चुकली, दिवस गेले

भवानीनगरात ‘पाळी चुकली’ हे दोन शब्द कानावर आले, की आधी बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघावं लागतं. बोलणारा छत्रपती साखर कारखान्यातला कामगार असेल तर त्याची ड्यूटी हुकली आणि आजचा खाडा पडला. बोलणारा बागाईतदार असेल तर नीरा डाव्या कालव्याचं पाणी त्याच्या चारीपर्यंत आलंच नाही आणि ऊस माना टाकणार. आणि बोलणारी बाई असेल, तीही पदराआडून हळूच, तर घरात पेढे येण्याची शक्यता.

कालव्याला पाणी कधी सुटणार हे वरचे साहेब ठरवतात. बाईच्या पाळीचे साहेब कुठे बसतात? मेंदूच्या तळाशी, वाटाण्याएवढ्या एका ग्रंथीत. पीयूषिका तिचं नाव. तिथून रक्तात हुकूम सुटतात आणि हातभर खाली बसलेले दोन बीजकोश ते पाळतात. बदामाएवढे बीजकोश, वाटाण्याएवढे साहेब; आणि सगळं गणगोत यांच्या कारभारावर उभं!

या पट्ट्यातल्या कुठल्याही वस्तीवर पहाटे साडेपाचला जा. धारेला गेलेली सासू गोठ्यातूनच हाक मारते, “सूनबाई, काळी माजावर आलीया बघ. डॉक्टरला फोन लाव.” तिनं काय पाहिलं? गाय रात्रभर हंबरत होती, दूध लिटरभर कमी आलं आणि शेपटीखाली काचेसारखी स्वच्छ तार लोंबतेय. बळस टाकलाय म्हणतात ते हेच. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. शाळेची पायरी न चढलेल्या बाईलाही हा हिशेब तोंडपाठ असतो. डॉक्टर येतो, उणे १९६ अंशांच्या नायट्रोजनमधून सिमेनची कांडी काढतो, काम करून जातो. भिंतीवरच्या कालनिर्णयात त्या तारखेभोवती लाल गोल पडतो. एकविसाव्या दिवशी घरदार पुन्हा गोठ्याकडे डोळे लावून: गाय उलटली, की गाभ राहिली?

त्याच घरातल्या सुनेच्या लग्नाला वर्ष होत आलंय. तिच्या शरीरातही दर महिन्याला जवळजवळ हेच नाटक रंगतं, अगदी बळसासकट. पण त्याबद्दल घरात कुणी चकार शब्द काढत नाही. बहुतेकदा सुनेलाही कुणी काही सांगितलेलं नसतं.

बळसापासूनच सुरुवात करू, कारण ही साधी दिसणारी तार म्हणजे एक अफलातून यंत्र आहे. गर्भाशयाच्या तोंडाशी बाराही महिने दाट, चिकट स्राव बुचासारखा बसलेला असतो. त्याचे धागे एकमेकांत इतके गुंतलेले, की शुक्रजंतूला वाटच मिळत नाही. बीज पिकायला लागलं की बीजकोशातून इस्ट्रोजेन वाढतं आणि हेच बूच पातळ होऊ लागतं. पाणी वाढतं, धागे सरळ होतात, त्यांच्यामधून वाटा उघडतात. पाळीनंतर काही दिवस कोरडे जातात, मग पांढुरकं, चिकट काहीतरी दिसतं, आणि एके दिवशी कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखं निसरडं. दोन बोटांत धरून ताणलं तर दोन-तीन इंच तार निघते. गोठ्यात दिसते ती आणि ही, दोन्ही तारा एकाच हुकमाच्या.

तो स्राव काचपट्टीवर वाळवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर? नेच्याची पानं दिसतात! फांदीला फांदी, तिला बारीक पानं, थंडीत काचेवर नक्षी उमटावी तशी. ते असतात मिठाचे स्फटिक. कारखान्यात पॅनवर काम केलेल्याला हे चटकन समजेल. पाक आटत गेला की एका नेमक्या क्षणी दाणा धरतो, आधी नाही आणि नंतर नाही. इथेही ही नक्षी धरते ती त्या मोजक्या दिवसांतच. बीज सुटलं की दुसरं संप्रेरक, प्रोजेस्टेरॉन, ताबा घेतं, बूच परत घट्ट होतं आणि नेचा दिसेनासा होतो.

गाय माज हंबरून सांगते. बाईचं शरीर तेच कुजबुजतं, आणि ही कुजबुज इतकी हलकी, की शहाण्यासुरत्या माणसांनाही ती शतकभर उलटी ऐकू आली. १९व्या शतकातल्या युरोपी डॉक्टरांनी कुत्रीकडे पाहिलं. कुत्री माजावर येताना रक्त जातं; म्हणजे बाईचीही पाळी हाच तिचा माज, असं त्यांनी ठरवलं. मग मूल नको असणाऱ्यांना ते सल्ला देत, की दोन पाळ्यांच्या मधले दिवस सुरक्षित! नेमके तेच दिवस सगळ्यात बेभरवशाचे. या सल्ल्यानं किती पाळणे हलले असतील याचा हिशेब कोण ठेवणार?

र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं, तेव्हा बीज कोणत्या दिवशी सुटतं हे जगात कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं. त्याच दशकात जपानचे ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे क्नाउस यांनी, एकमेकांपासून हजारो मैल दूर बसून, ते कोडं सोडवलं. आणि उत्तर काय निघालं? बीज सुटल्याचा दिवस मागून मोजायचा असतो. पुढची पाळी ज्या दिवशी येणार, त्याच्या साधारण १४ दिवस आधी. पाळी २८ दिवसांची असो की ३५ दिवसांची, मागचे १४ दिवस बऱ्यापैकी ठरलेले असतात. कमीजास्त होतो तो पुढचा भाग. म्हणजे स्टेशन मागे पडल्यावर पाटी वाचायची! म्हणून ज्यांची पाळी अनियमित, त्यांना नुसतं कॅलेंडर दगा देतं आणि तिथे ती तार जास्त खरं बोलते.

आपल्या जुन्या ग्रंथांत ऋतुकाल १६ रात्रींचा सांगितलाय, त्यातल्या पहिल्या चार वर्ज्य. २८ दिवसांच्या पाळीला हा अंदाज बरोबर बसतो, युरोपच्या प्रोफेसरांपेक्षा कितीतरी बरा. पण लगेच मिशीला पीळ नको. त्याच परंपरेत सम रात्री मुलगा आणि विषम रात्री मुलगी असंही लिहून ठेवलंय, आणि ते साफ चूक आहे. मुलगा की मुलगी हे पोचणाऱ्या शुक्रजंतूवर ठरतं. रात्रीचा किंवा सुनेचा त्यात काही संबंध नाही.

आता ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, ते बीज. वाक्याच्या शेवटच्या पूर्णविरामापेक्षाही लहान, मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग. तरी माणसाच्या शरीरातली ही सगळ्यात मोठी पेशी. आणि तिचं वय? इथे मला दर वेळी थांबावंसं वाटतं. बाई रोज नवी बीजं तयार करत नाही. ती स्वतः आईच्या पोटात पाच महिन्यांची असते तेव्हाच तिच्या इवल्या बीजकोशात ६० ते ७० लाख बीजं भरलेली असतात. जन्मापर्यंत त्यांतली १०-२० लाख उरतात, वयात येताना ३-४ लाख, आणि आयुष्यभरात प्रत्यक्ष सुटतात ती चारशेच्या आसपास. म्हणजे ज्या बीजापासून तुम्ही झालात ते तयार झालं तेव्हा तुमची आई तुमच्या आजीच्या पोटात होती. मामाच्या गावाला आपण सुट्टीत जायला लागलो त्याच्या कितीतरी आधी एक फेरी झालेलीच आहे.

महिन्याला त्यातलं एक पिकतं. त्याच्याभोवतीची पाण्याची पिशवी द्राक्षाच्या मण्याएवढी फुगते आणि फुटते. गंमत म्हणजे बीजकोश आणि गर्भनलिका एकमेकांना जोडलेल्या नसतात. चारीला दार नाही, पाटाला जोड नाही! नळीच्या तोंडाशी बोटांसारखी झालर असते. ती बीजकोशावरून चवरी ढाळावी तशी फिरते आणि सुटलेलं बीज आत ओढून घेते. एका बाजूची नळी नसेल तर दुसऱ्या बाजूची झालर पलीकडच्या बीजकोशातलं बीजसुद्धा उचलून आणते, अशी उदाहरणं आहेत.

बीजाचं आयुष्य १२ ते २४ तास. आणि शुक्रजंतू? त्या पातळ स्रावात तो पाच दिवस तग धरू शकतो. या दोन आकड्यांची बेरीज केली की सगळं गणित उलगडतं: बीज सुटण्याचा दिवस आणि त्याच्या आधीचे पाच, असे महिन्यातले सहाच दिवस. त्यातही आधीचे दोन-तीन दिवस मोलाचे, कारण शुक्रजंतू आधी पोचून वाट बघत बसले तरच जमतं. ‘तार दिसली’ म्हणजे एसटी यायची आहे; ‘तार गेली’ म्हणजे बहुधा गेली.

शुक्रजंतू निघतात कोट्यवधी, बीजाजवळ पोचतात काहीशे. शिवाय निघतानाच ते तयार नसतात. काही तास बाईच्या शरीरात मुरल्यावरच त्यांना बीज भेदण्याची ताकद येते. त्यांना घडायला लागतात साधारण अडीच महिने, आणि तेही शरीरापेक्षा दोन-तीन अंश थंड जागी. पुरुषाची ती पिशवी शरीराबाहेर टांगलेली आहे ती यासाठीच. गळीत हंगामात बॉयलरपाशी उभं राहणाऱ्यानं, मांडीवर गरम लॅपटॉप घेऊन बसणाऱ्यानं आणि कडक ताप येऊन गेलेल्यानं हे ध्यानात ठेवावं. दिवाळीत भरलेल्या तापाचा परिणाम संक्रांतीच्या तपासणीत दिसू शकतो.

इतके योग जुळायचे, म्हणून पंचविशीतल्या धडधाकट जोडप्यालाही एका महिन्यात दिवस राहण्याची शक्यता चार-पाचात एक एवढीच असते. वर्षभरात शंभरातल्या ऐंशी-पंच्याऐंशी जोडप्यांना यश येतं. मग लग्नाला तीन महिने झाले नाहीत तोच हळदी-कुंकवाला ‘काही विशेष?’ विचारणाऱ्या काकूंना काय म्हणावं? वर्षभर प्रयत्न करूनही जमलं नाही, किंवा बाई पस्तिशी ओलांडलेली असेल तर सहा महिन्यांनी, डॉक्टरकडे जावं; आणि दोघांनी जावं. अडचण आढळणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाचाही वाटा असतो, पण दवाखान्याच्या बाकावर मात्र एकटी सूनच दिसते. पुढची वाटही आता अनोळखी राहिलेली नाही. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं, त्यालाही आता कित्येक वर्षं झाली.

तर समजा, बीज आणि शुक्रजंतूची भेट झाली. त्यानंतरचे सहा-सात दिवस आईला या घटनेचा पत्ताही नसतो. एकाचे दोन, दोनाचे चार असं होत तो गोळा नळीतून घरंगळत तीन-चार दिवसांत गर्भाशयात उतरतो. अजून त्याला आईकडून फारसं काही मिळत नाही; शिदोरी सोबत आणलेली. पाचव्या-सहाव्या दिवशी तो आपल्या कवचातून बाहेर येतो. हो, कोंबडीच्या पिल्लासारखं कवच फोडून! आणि आठव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान अस्तरात रुततो.

इथे घड्याळ लागलेलं असतं. बीज सुटल्यावर रिकाम्या झालेल्या पिशवीचा पिवळा गोळा बनतो, त्याला पीतपिंड म्हणतात. त्याच्या प्रोजेस्टेरॉनवर गर्भाशयाचं अस्तर टिकून असतं. पण त्याचं आयुष्य दोन आठवड्यांचं. तो मेला की अस्तर ढासळणार, पाळी येणार आणि नुकताच आलेला पाहुणा वाहून जाणार. डोळ्यांना न दिसणाऱ्या त्या जिवाला चार-पाच दिवसांत आईच्या अख्ख्या शरीराला निरोप पोचवायचा असतो: मी आलोय, थांबा! तो निरोप म्हणजे एचसीजी हे संप्रेरक. ते रक्तातून पीतपिंडापर्यंत जातं आणि त्याला मरू देत नाही. दर दोन-तीन दिवसांनी त्याचं प्रमाण दुप्पट होतं. पाळी चुकते ती या निरोपामुळे.

आणि गोठ्यातली काळी? तिच्या पोटातल्या गर्भालाही हाच निरोप द्यायचा असतो, पण त्याची भाषा निराळी. सोळाव्या-सतराव्या दिवसाच्या सुमारास तो इवलासा गोळा दोऱ्यासारखा ताणत जवळजवळ वीतभर लांब होतो आणि इंटरफेरॉन जातीचं एक प्रथिन सोडतो. अर्थ तोच, शब्द वेगळे. त्यामुळे बायकांची गर्भचाचणीची पट्टी गाईला चालत नाही. सासूला एकविसाव्या दिवसाची वाट बघावी लागते आणि पुढे डॉक्टरला हात घालून गाभ तपासावा लागतो.

माणसाच्या निरोपामागे आणखी एक अजब गोष्ट दडलीय. एचसीजी तयार होतं ते गर्भाच्या बाहेरच्या थरात, जिथे असंख्य पेशी एकमेकींत विरघळून एकच सलग पडदा बनलेला असतो. पेशींना असं जोडणारं प्रथिन आपल्याकडे आलं कुठून? एका विषाणूकडून! काही कोटी वर्षांपूर्वी आपल्या माकडवंशी पूर्वजांना त्याची लागण झाली, त्याचं जनुक आपल्या जनुकांत अडकून राहिलं, आणि कधीकाळचा तो घुसखोर आज प्रत्येक वारेचा गवंडी आहे.

हा निरोप वाचायला शंभर वर्षांत काय काय उद्योग झाले! १९३० च्या दशकापासून पुढे कित्येक वर्षं दवाखान्यांतून आफ्रिकी बेडक्या पाळत. बाईच्या लघवीचं इंजेक्शन बेडकीला द्यायचं. सकाळी तिनं अंडी घातलेली दिसली की बाईला दिवस गेलेत. आता तेच काम आशाताईच्या पिशवीतली ‘निश्चय’ पट्टी करते. लघवीचे दोन-तीन थेंब पट्टीवर सरकतात, वाटेत रंगीत कण लावलेली प्रतिपिंडं भेटतात, ती एचसीजीला पकडतात आणि ठरलेल्या जागी साचून दुसरी रेघ उमटवतात. बहुतेक पट्ट्यांत ते रंगीत कण कशाचे असतात माहितीये? सोन्याचे. सोनं अतिसूक्ष्म केलं की ते पिवळं न दिसता लालसर दिसतं. स्वस्तातल्या पट्टीवरची ती गुलाबी रेघ सोन्याची आहे, म्हणून तर नव्हे बायका ती जपून ठेवत?

लघवीत साखर टाकून गुठळ्या होतात का पाहा, असाही एक उपाय मोबाइलवर फिरतो. साखरेच्या गावात निदान साखरेवर हा आळ नको. तिला एचसीजीतलं काही कळत नाही. पट्टीच घ्यावी, पाळी चुकल्यावर, सकाळच्या पहिल्या लघवीला. घाईनं आधी केली तर नकार येऊ शकतो, कारण निरोप अजून पुरेसा मोठा झालेला नसतो. आणि रेघ उमटली, पण सोबत ओटीपोटात एका बाजूला जोराची कळ, चक्कर किंवा रक्तस्राव असेल, तर उद्यावर न टाकता दवाखाना गाठावा. गर्भ नळीतच रुतलेला असू शकतो.

पट्टीआधीची लक्षणं? छाती भरून येणं, अंग मोडून जाणं, विनाकारण डोळ्यांत पाणी. वाट बघणारी बाई यातलं एकेक शोधत बसते. पण ही सगळी प्रोजेस्टेरॉनची करणी, आणि ते तर पाळी येण्यापूर्वीही दर महिन्याला असतंच. शरीर दोन अगदी वेगळ्या बातम्या एकाच आवाजात सांगतं. ऐकणाऱ्याची चूक नाही. खरी नवी चिन्हं थोडी उशिरा येतात. सारखं लघवीला जावं लागतं, कारण मूत्रपिंडं पहिल्या तीन महिन्यांतच जवळजवळ दीडपट काम करू लागतात. मग कोरड्या ओकाऱ्या. त्यांचं एक मोठं कारण २०२३ मध्ये स्पष्ट झालं. वारेतून जीडीएफ-१५ नावाचं प्रथिन येतं आणि थेट मेंदूच्या मळमळीच्या केंद्राला हात घालतं. जिच्या अंगात ते एरवी कमी असतं तिला त्याची सवय नसते, म्हणून तिला त्रास जास्त. नव्यानं तिखट खाणाऱ्याला ठेचा लागावा, तसं. एकीला फोडणीचा वास सहन होत नाही आणि जावेला काहीच झालं नव्हतं, यात नाटकं कुणाचीच नसतात.

आणि आपले ‘दिवस गेले’! नीट पाहिलं तर हा शब्दप्रयोग डॉक्टरांच्या हिशेबाशी तंतोतंत जुळतो. गर्भारपण मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, म्हणजे बीज सुटायच्याही आधीपासून. रेघ उमटते त्या दिवशी बाई चार आठवड्यांची गर्भार ठरते; बातमी कळेपर्यंत महिनाभराचे दिवस खरंच गेलेले असतात. ‘पालखी सणसरला मुक्कामाला होती त्या दिवशी पाळी आली होती’ एवढं आठवलं तरी पुढची तारीख काढता येते: नऊ महिने आणि सात दिवस. आपल्या म्हाताऱ्यांच्या नऊ महिने नऊ दिवसांत फरक दोनच दिवसांचा! पण याच गेलेल्या दिवसांत एक पेच आहे. बाळाच्या पाठीच्या कण्यातली नळी गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांत मिटून जाते, कित्येकींना कळतं न कळतं तोच. तिच्यासाठी लागणारी फॉलिक ॲसिडची गोळी म्हणूनच प्रयत्न सुरू करतानाच घ्यायची.

तारखा लक्षात ठेवायला भिंत तरी हवी. हंगामात कारखान्याभोवती पालं पडतात, त्यांतल्या ऊसतोड बाईला पाळी म्हणजे खाडा, आणि खाडा म्हणजे उचलीतून कापलेले पैसे. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात ८२ हजारांहून जास्त ऊसतोड बायकांची पाहणी झाली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. एवढा वेळ ज्याच्या कारागिरीचे गोडवे गायले, ते हे गर्भाशय.

आता पुन्हा गर्भाकडे. गर्भ राहिल्यापासून बाविसाव्या दिवसाच्या सुमारास त्या तीळभर जिवात हृदय धडधडू लागतं. आई एक, ठोके दोन. सुश्रुतसंहितेत चौथ्या महिन्यातल्या गर्भवतीला दौहृदिनी, म्हणजे दोन हृदयांची, म्हटलंय, आणि ‘डोहाळे’ ज्या ‘दोहद’ शब्दावरून आले त्याचा संबंधही जुने वैद्य या दोन हृदयांशीच लावत. आनंदीबाई जोशींनी १८८६ मध्ये फिलाडेल्फियात प्रबंध लिहिला तो याच जुन्या प्रसूतिशास्त्रावर.

दुसरं हृदय नऊ महिन्यांनी वेगळं होतं, पण हिशेब पुरता मिटत नाही. बाळाच्या काही पेशी वारेतून आईच्या रक्तात उतरतात आणि तिथेच राहतात. १९९६ मध्ये एका बाईच्या रक्तात मुलग्याच्या पेशी सापडल्या. तिच्या शेवटच्या मुलग्याच्या जन्माला तोवर २७ वर्षं झाली होती. म्हणजे पहाटे गोठ्यातून सुनेला हाक मारणाऱ्या त्या सासूच्या अंगात तिच्या लेकाचे चार कण अजून फिरत असतील. तिला हे सांगून बघा. धारेची बादली खाली ठेवेल, पदरानं घाम पुसेल आणि म्हणेल, “त्यात काय नवल? पोटचाच हाय की त्यो.”